घरच्या सापासाठी उंदीर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साप पाळायचा म्हणजे उंदीर मारायचे, निदान कुणीतरी आपल्यासाठी मारलेले विकत आणायचे. साप विकणारे ही गोष्ट सगळ्यात शेवटी सांगतात, नाहीतर सांगतच नाहीत. खालची उत्तरं मुख्यतः बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) आणि कॉर्न स्नेक (अमेरिकेतला बिनविषारी साप) पाळणाऱ्यांसाठी आहेत. भारतात कागदपत्रांसह पाळणाऱ्यांना ती लागू पडतात, तशीच अमेरिका-ब्रिटनमधल्या मराठी घरांनाही. काही उत्तरं वाचायला जड जातील.

भारतात साप पाळता येतो का?

इथले रानातले साप नाही. धामण असो, आपला अजगर असो किंवा 'पैसा ओढून आणतं' म्हणून लाखांच्या गोष्टी करून खपवलं जाणारं मांडूळ असो, घरात ठेवणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. परदेशी जातींचं वेगळं आहे. बॉल पायथन 'साइट्स' या, संकटातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतो आणि कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. तिचे नियम २०२४ मध्ये आले. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, तरी तो कुठून आला याचे कागद जवळ असलेले बरे.

साप मेलेला उंदीर खातो? त्याला जिवंतच लागतो ना?

बहुतेक साप मेलेला उंदीर आनंदाने खातात. समोरचा प्राणी जिवंत आहे की नाही याची चौकशी साप करत बसत नाही. त्याला तीन खुणा पुरतात: वास, ऊब आणि हालचाल. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, म्हणून त्याच्यासाठी ऊब फार महत्त्वाची. कॉर्न स्नेकला ते खळगे नसतात, तो वासावर जास्त चालतो. उंदीर नीट कोमट केला आणि लांब चिमट्यात धरून जरासा हलवला की काम होतं. पिल्लू असल्यापासून असंच खाणाऱ्या सापाला जिवंत उंदराची गरज कधी भासतच नाही.

पण निसर्गात तर जिवंतच खातो. मग घरी दिला तर काय बिघडलं?

निसर्गात उंदराला पळायला रान असतं. काचेच्या पेटीत चार कोपरे असतात.

दुसरं म्हणजे, पकड नेहमी नीट बसत नाही. वेटोळं छातीवर घट्ट बसलं तर रक्ताभिसरण काही सेकंदांत बंद पडतं. वेटोळ्यातला उंदीर केवळ श्वास कोंडून मरतो, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो, पण २०१५ साली बोआवर झालेल्या प्रयोगात भूल दिलेल्या उंदरांचा रक्तप्रवाहच आधी थांबताना दिसला. साप मागच्या बाजूने किंवा तिरका धरतो तेव्हा मात्र हे सेकंद लांबतात, आणि उंदीर चावायला मोकळा राहतो.

तिसरी गोष्ट सापाच्या बाजूची. भूक नसलेल्या सापाच्या पेटीत रात्रभर सोडलेला मोठा उंदीर सापालाच कुरतडतो. पाठीवर कण्यापर्यंत गेलेल्या जखमा सरीसृपांच्या डॉक्टरांना नव्या नाहीत. साप त्याला हुसकावून लावेल अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा नुसता बसून राहतो.

जिवंत उंदीर देतानाचा व्हिडिओ टाकला तर?

टाकू नका. भारताच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० मधलं कलम ११ एकदा वाचा: निव्वळ करमणुकीसाठी एखादा प्राणी दुसऱ्याचं भक्ष्य व्हावा म्हणून कोंडून ठेवणं तिथे क्रूरतेत मोजलं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, त्या व्हिडिओतून साप पाळण्याबद्दल कुणालाही काहीही शिकायला मिळत नाही.

तयार गोठवलेले आणावेत की घरी मारावेत?

एक-दोन साप असतील तर तयार आणा. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये गोठवलेले उंदीर पाळीव प्राण्यांच्या साध्या दुकानातही मिळतात. आपल्याकडे शोधावे लागतात, कुरियरचा खर्च पडतो आणि उन्हाळ्यात पार्सलमधले उंदीर वितळून येण्याची धास्ती असते. तरीही माझं मत तेच. दोन आठवड्यांनी एक उंदीर मारणाऱ्याचा हात कधी बसत नाही, आणि हात न बसलेल्या माणसाकडून होणारा त्रास उंदीर सोसतो.

विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: "तुम्ही मारता कसे?" जो सरळ उत्तर देतो त्याच्याकडून घ्या. "फ्रीझरमध्ये टाकतो, झोपेतच जातात" म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे व्हा. माल हातात आल्यावर तारीख बघा. पोट हिरवट पडलेलं, केस चिकट किंवा पिशवीत बर्फाचे जाड थर दिसले तर माल जुना आहे किंवा मधे वितळून पुन्हा गोठला आहे.

घरी मारायचेच झाले तर कमीत कमी त्रासाची पद्धत कोणती?

मोजमापाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड, किंवा शिकलेल्या हाताने मान निखळवणं. या दोनच्या बाहेर घरगुती पातळीवर सुचवण्यासारखं काही नाही.

मान निखळवण्यात मेंदू आणि मणक्याचा संबंध एका झटक्यात तुटतो. नीट झालं तर याहून जलद काही नाही, चुकलं तर याहून वाईट काही नाही. अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशनची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं ही पद्धत छोट्या उंदरांसाठी आणि २०० ग्रॅमच्या आतल्या रॅटसाठी (उंदराची मोठी जात) मान्य करतात, तीही प्रशिक्षित माणसाच्या हातून. त्याहून मोठ्या प्राण्याचे मानेचे स्नायू जाड असतात. हे वाचून किंवा व्हिडिओ पाहून येणारं काम नाही, म्हणून इथे पायऱ्या दिलेल्या नाहीत. प्रयोगशाळेत किंवा पशुवैद्यकाकडे, आधी मेलेल्या उंदरावर हात बसवून मगच शिकायचं.

कार्बन डायऑक्साइडचं नेमकं तंत्र काय?

हे जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात.

हा वायू पाण्यात मिसळला की कार्बोनिक आम्ल होतं. जास्त दाटीचा वायू नाकाडोळ्यांच्या ओल्या त्वचेला लागला की झोंबतो. थंडगार सोड्याचा मोठा घोट घेतल्यावर नाकात जे होतं तेच, फक्त कितीतरी पटीने. म्हणून पेटी आधी वायूने भरून मग उंदीर आत टाकायचा नाही. उंदीर आधी आत, वायू नंतर आणि हळूहळू, म्हणजे वेदना होण्याइतकी दाटी होण्याआधी शुद्ध जाते. फार हळू सोडला तरी पंचाईत, कारण मग गुदमरल्याची भावना लांबत जाते. वर सांगितलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दर मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के हा वेग दिला आहे. २० लिटरची पेटी असेल तर मिनिटाला ६ ते १४ लिटर. हा वेग डोळ्यांनी कळत नाही. सिलिंडरला रेग्युलेटर आणि प्रवाहमापक दोन्ही हवेत, आणि ते घ्यायची तयारी नसेल तर ही पद्धत आपली नाही असं समजा.

शक्यतो उंदरांना त्यांच्या रोजच्याच पेटीत, ओळखीच्या जोडीदारांसोबत ठेवावं. अनोळखी उंदीर एकत्र कोंबले की ते घाबरतात, भांडतात. प्रत्येकाचे चारही पाय तळाला टेकतील इतकी जागा हवी. आधीच्या खेपेचा वास आणि लघवी धुऊन काढा. श्वास थांबल्यावरही वायू किमान एक मिनिट चालू ठेवायचा.

आणि स्वतःला जपा. हा वायू हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. बंद बाथरूममध्ये, जमिनीवर बसून हे काम करायचं नाही. खिडक्या उघड्या, शक्यतो गच्ची किंवा मोकळी जागा.

एवढं सगळं करूनही 'अजिबात त्रास होत नाही' असं म्हणता येत नाही. कमी प्रमाणातला वायूसुद्धा उंदीर टाळू पाहतात, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. उपलब्ध पर्यायांतला हा बरा पर्याय आहे, इतकंच.

बेकिंग सोडा आणि व्हिनेगरचा घरगुती जुगाड चालेल का?

नाही. वायू तयार होतो हे खरं, पण किती वेगाने आणि किती वेळ, यावर आपला काहीच ताबा राहत नाही. अर्ध्यात वायू संपला की उंदीर अर्धवट शुद्धीत येतो. वर आम्लाचे शिंतोडे आणि फेस. कोरड्या बर्फाचंही तेच, त्यात शरीराला लागला तर चटका बसतो तो वेगळा. गाडीच्या सायलेन्सरचा धूर, पाण्यात बुडवणं, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं हे प्रश्न अजूनही विचारले जातात. तिन्हींचं उत्तर नाही.

जिवंतच फ्रीझरमध्ये ठेवला तर थंडीने सुस्तावून मरेल ना?

हा समज फार पसरलेला आहे. उंदीर सापासारखा थंड रक्ताचा नाही. थंडी वाढली की त्याचं शरीर सगळी ताकद लावून ऊब टिकवायला बघतं, म्हणजे कुडकुडणं, धडपड आणि लांबलेला मृत्यू. घरगुती फ्रीझर तर अगदीच सावकाश थंड करतो. फ्रीझरमध्ये फक्त मेलेला उंदीर जातो.

पिंकी, म्हणजे केस न फुटलेली नवजात पिल्लं, इतक्या लहान असतात. त्यांच्यासाठी सोपा मार्ग नाही का?

उलट त्यांचंच अवघड आहे. नुकतं जन्मलेलं पिल्लू आईच्या पोटात कमी प्राणवायूवर राहिलेलं असतं, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड त्याला लवकर मारू शकत नाही. उंदराच्या नवजात पिल्लांना शुद्ध वायूतही ५० मिनिटांपर्यंत वेळ लागल्याची नोंद आहे. साधारण दहा दिवसांपर्यंत ही चिवटता राहते. निपचित पडलेली पिल्लं मेली असं धरून फ्रीझरमध्ये टाकली आणि ती तिथे शुद्धीवर आली, असं घडू शकतं. म्हणून या वयात वायूनंतर दुसरी, शारीरिक पद्धत वापरावीच लागते, आणि तीही शिकलेल्या हाताची. कॉर्न स्नेकच्या पिल्लाला सुरुवातीचे काही महिनेच पिंकी लागतात. त्या गोठवलेल्या विकत आणा, हे मी आग्रहाने सांगेन.

डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन मारलेला उंदीर सापाला देता येईल का?

अजिबात नाही. त्या औषधाचा अंश मांसात राहतो आणि खाणाऱ्याला बाधतो. क्लोरोफॉर्म, ईथर यांचंही तेच.

मेला हे नक्की कसं ओळखायचं?

श्वास थांबणं पुरेसं नाही. छातीवर बोट ठेवून ठोका लागतो का ते बघा, डोळ्याच्या बुबुळाला हलकेच स्पर्श केल्यावर पापणी हलते का ते बघा. शंका असेल तर शरीर ताठ होईपर्यंत बाहेरच ठेवा. खात्री झाल्याशिवाय फ्रीझर उघडायचा नाही.

मी घरीच उंदरांची पैदास करतो. मारण्याआधीच्या आयुष्याचं काय?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, आणि माझ्या मते तो मारण्याच्या पद्धतीइतकाच मोठा आहे. मारण्याला काही मिनिटं लागतात; जगणं काही आठवड्यांचं असतं.

आधी हिशेब. मादी उंदराचा गर्भकाळ १९ ते २१ दिवस, रॅटचा २१ ते २३. एका वेळेला सहा ते बारा पिल्लं. पिल्लं तीन आठवड्यांत दूध सोडतात आणि पाच-सहा आठवड्यांत स्वतः विण्याजोगी होतात. नर-मादी वेळेत वेगळे केले नाहीत तर एका सापासाठी सुरू केलेला कारभार गल्लीतल्या सगळ्या सापांना पुरेल इतका होतो.

रॅट कळपातला प्राणी आहे, एकटा ठेवू नका. लपायला पुठ्ठ्याची खोकी, कुरतडायला लाकूड, घरटं करायला कागदाच्या पट्ट्या. चीड-देवदाराचा वासाचा भुसा टाळा, श्वसनाला त्रास होतो. मक्याच्या कणसाचा भुगा किंवा कागद चांगला. पेटीशी नाक नेल्यावर अमोनियाचा वास आला तर सफाई लांबली आहे. उन्हाळा सगळ्यात कठीण. रॅटला आपल्यासारखा घाम येत नाही, तो शेपटीतून उष्णता सोडतो. ३० अंशांच्या वर त्याची तारांबळ उडते, आणि विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये उंदीर ठेवणं म्हणजे त्यांना भाजणं.

नुसत्या शिळ्या पोळ्या आणि पावावर वाढलेला उंदीर सापालाही पोषण देत नाही. तयार पेलेट्स, थोडं धान्य, भाजी. 'उद्या मारायचेच आहेत' म्हणून आदल्या दिवशी उपाशी ठेवण्याचं काहीच कारण नाही.

पिंजऱ्यात सापडलेला घरातला उंदीर दिला तर? फुकटचा आहे.

नको. त्याने शेजारच्या दुकानात विष खाल्लं आहे की नाही ते तुम्हाला कळणार नाही. झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमाडिओलोन खाल्लेला उंदीर सापालाही नेऊ शकतो. अंगावर गोचीड-पिसवा, पोटात जंत. शिवाय लेप्टो. मुंबईच्या पावसाळ्यात हा शब्द कुणाला समजवावा लागत नाही. चिकट पॅडवर अडकलेला उंदीर तर आधीच तासन्‌तास हाल सोसून आलेला असतो.

किती मोठा उंदीर, किती दिवसांनी?

सापाच्या शरीराच्या सगळ्यात जाड भागाइतकी उंदराची जाडी, फार तर थोडी जास्त. पिंकी एक ते तीन ग्रॅमची, केस फुटलेली फझी त्याच्या दुप्पट, प्रौढ उंदीर २० ते ३० ग्रॅमचा. कॉर्न स्नेकच्या पिल्लाला पाच-सात दिवसांनी, प्रौढाला दहा ते चौदा दिवसांनी. प्रौढ बॉल पायथनला दोन ते चार आठवड्यांनी एक रॅट पुरतो. आपल्याकडच्या सापांचा त्रास उपासमार नसून लठ्ठपणा आहे. साप 'बघतोय' म्हणजे भुकेला आहे असं नाही.

साठवणूक कशी करायची? आमच्याकडे वीज जाते.

मेलेला उंदीर सरळ, आडवा, एका थरात झिपच्या पिशवीत ठेवा, हवा काढा, तारीख लिहा. उणे १८ अंशांवर सहा महिन्यांपर्यंत चांगला राहतो. त्यापुढे चरबी खवट होते आणि ई जीवनसत्त्व कमी होत जातं.

वीज गेल्यावर फ्रीझर उघडू नका, भरलेला फ्रीझर बराच वेळ थंडी धरून ठेवतो. पूर्ण वितळलेला उंदीर पुन्हा गोठवायचा नाही. आतड्यातले जंतू तोवर कामाला लागलेले असतात. त्याच दिवशी द्या किंवा फेकून द्या.

घरच्या फ्रीजमध्ये ठेवायला आई तयार नाही.

आईचं बरोबर आहे. छोटा वेगळा डीप फ्रीझर घ्या. जुना, वापरलेला चालतो. शाकाहारी घरात तर साप आणण्याआधीच ही गोष्ट बोलून घ्यावी, बर्फाच्या ट्रेमागे पिशवी लपवून नव्हे.

यात नुसती किळस नाही, कारणही आहे. गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही. अमेरिकेत २०१० आणि २०१४ मध्ये गोठवलेल्या उंदरांशी जोडलेले साल्मोनेलाचे उद्रेक झाले, त्यात लहान मुलंही आजारी पडली. ब्रिटनमध्ये २०१५ पासून असेच रुग्ण सापडत राहिले, आणि शेवटी २०२२ मध्ये लिथुआनियाहून येणाऱ्या अशा उंदरांची आयात थांबवावी लागली. म्हणून वेगळं भांडं, वेगळा चिमटा, स्वयंपाकघराच्या ओट्यापासून लांब, आणि नंतर साबणाने हात. पाच वर्षांखालच्या मुलांना या कामापासून दूर ठेवा.

वितळवायचा कसा?

आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून छोट्या फ्रीजमध्ये किंवा थंड पेटीत, बंद डब्यात. देण्याआधी पिशवीसकट साधारण ४० अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं. मोठ्या रॅटला जास्त. पोट दाबून बघा, आत गारगोटी लागता कामा नये. आत बर्फ राहिलेला उंदीर सापाच्या पोटात पचण्याआधी सडतो आणि तो ओकून टाकतो. उकळतं पाणी घेतलं तर कातडी शिजते, पोट फुटतं. मायक्रोवेव्हमध्ये एक बाजू भाजते, दुसरी गोठलेली राहते, आणि कधीकधी स्फोट होतो. पुसून कोरडा करा. बॉल पायथनसाठी बाहेरून ३७-३८ अंश असावा, डोकं जरा जास्त ऊबदार.

माझा साप जिवंतच खातो, मेलेला हुंगून सोडतो.

आधी पेटी तपासा. बॉल पायथनची ऊबेची जागा ३१-३३ अंश आहे का, दोन्ही बाजूंना अंगाला घट्ट बसतील अशा लपायच्या जागा आहेत का? भेदरलेला साप काहीच खात नाही. सगळं ठीक असेल तर आधी ताजा मारलेला द्या, मग वितळवलेला. संध्याकाळी, दिवा मंद करून, लांब चिमट्याने. दोन-चारदा हलवून प्रतिसाद नसेल तर तिथेच ठेवून खोलीतून निघून जा. कॉर्न स्नेकच्या हट्टी पिल्लासाठी मेलेल्या पिंकीच्या डोक्याला सुईने छिद्र पाडतात. त्या वासाने तोंड उघडतं. नकार मिळाल्यावर पुन्हा आठवडाभर थांबा, रोज उंदीर नाचवू नका.

प्रौढ बॉल पायथन हिवाळ्यात महिनोन्‌महिने उपास करतो, त्याला तो त्याचा हक्क समजतो. वजनकाटा जवळ ठेवा. दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर सरीसृप पाहणारा डॉक्टर गाठा.

चिकनचे तुकडे देऊन उंदीर टाळता येईल का?

नाही. सापाला हाडं, यकृत, आतडी, केस सगळ्यासकट पूर्ण प्राणी लागतो. कॅल्शियम हाडांतून येतं. एक दिवसाची कोंबडीची पिल्लं काही साप घेतात आणि अधूनमधून चालतात, पण ती कशी मारली हा प्रश्न तिथेही उरतोच. साप शाकाहारी होत नाही. उंदीर मारणं किंवा मारलेला आणणं मनाला पटत नसेल तर गेको, म्हणजे एक प्रकारची पाल, पाळा. त्यातला क्रेस्टेड गेको फळांच्या तयार खाद्यावर छान राहतो.

न खाल्लेला उंदीर कुठे टाकायचा?

रात्रभर पडून राहिला तर सकाळी काढा. वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवी घट्ट बांधून ओल्या कचऱ्यात, किंवा बाग असेल तर दीड-दोन फूट खोल पुरा. उघडा टाकलात तर कावळे आणि मांजरं तो सोसायटीच्या जिन्यात आणून ठेवतील, आणि मग सापाची ओळख सगळ्या इमारतीला एकदमच होईल.